बिघाड सांगता यावा म्हणून

अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातलं गाव २०२३पर्यंत जालना जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील इथे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचं नाव घरोघरी पोचलं. आंदोलनाबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मला इथे त्यातली एकच गोष्ट हवी आहे. मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, जुनी मोडी आणि उर्दू दप्तरं बाहेर निघाली आणि त्यांतल्या पानांची स्कॅन केलेली चित्रं संगणकावर आली. पणजोबाच्या नावाची नोंद धुंडाळायला साठीची माणसं पोराच्या खांद्यावरून पडद्यात डोकावू लागली. माऊसला कधी हात न लावलेल्या माणसांच्या तोंडी एक नवी बोली बसली. पान उघडंना. चक्रीच फिरायलीय. ओटीपी येईना. साईट बसली. रेशनच्या दुकानात ‘अंगठा घेईना’ हे त्याआधीच ऐकू येत होतं, आणि २०२१मध्ये पीक पाहणी मोबाईलवरून सुरू झाल्यापासून बांधावर उभं राहून ‘लोकेशन पकडंना’ म्हणायची सवयही लागली होती.

ही बोली कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण ती पुरेशी आहे. यंत्र काय करतंय आणि काय करत नाही, एवढंच ती सांगते, आणि दुरुस्त करणाऱ्याला नेमकं तेवढंच हवं असतं. जनावरांच्या डॉक्टरला बैलाचं दुखणं सांगताना शेतकरी हेच करतो. कालपासून चारा सोडला, कान गार पडलेत, मागचा पाय टेकत नाही. बैलाला बोलता येत नाही म्हणून धन्याला सांगावं लागतं. संगणकाचंही तसंच आहे.

पुढच्या पानांत संगणकाचे, मोबाईलचे आणि प्रिंटरचे नेहमीचे बिघाड इटालियन भाषेत कसे सांगायचे, याची वाक्यं दिली आहेत. ती शिकण्याची वाट मी या बोलीतून काढली आहे, इंग्रजीतून नाही. त्यामागे कारण आहे आणि ते सांगण्यासाठीच ही प्रस्तावना लांबली आहे.

आधी ‘इटालियनच का’ या प्रश्नाकडे वळतो, कारण तो प्रत्येक पालक विचारतो. इटलीतल्या सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, आणि तिथल्या प्रादेशिक सरकारांच्या शिष्यवृत्त्याही उत्पन्न पाहून दिल्या जातात. कापूस, ऊस आणि मोसंबीवर चालणाऱ्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला हा हिशेब परवडतो. म्हणून मिलान आणि तोरिनोच्या तंत्रविद्यापीठांची नावं आता मराठवाड्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना माहीत झाली आहेत. मराठा-कुणबी समाजातल्या मुलांसाठी पुण्याच्या ‘सारथी’ संस्थेमार्फत परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्तीही सुरू झाली आहे. मिलानच्या पोलितेक्निकोत बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात, त्यामुळे मुलं इटालियन न शिकताच विमानात बसतात. वर्गात त्यांचं काही अडत नाही. अडतं ते वर्गाबाहेर. देशात पोचल्यावर कामाच्या आठ दिवसांत ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो टपाल कचेरीतून जातो. ‘कोदीचे फिस्काले’ हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक जवळजवळ प्रत्येक कामाला लागतो. पुढे घरभाडं, बँक, सिम कार्ड, विद्यापीठाचं ओळखपत्र. यातलं प्रत्येक काम कुठल्यातरी पडद्यासमोर अडू शकतं, आणि खिडकीमागचा माणूस इंग्रजी बोलेलच असं नाही.

दुसरा रस्ता कारखान्यांचा आहे. त्यासाठी विमानही लागत नाही. बारामतीला पियाजिओ आहे, रांजणगावला फियाटची भागीदारी आणि कारारोचा कारखाना आहे. अशा ठिकाणी देखभालीचं काम करणाऱ्या आयटीआयच्या किंवा डिप्लोमाच्या मुलाला इटलीहून आलेल्या यंत्राच्या पॅनेलवर ‘ग्वास्तो’ हा शब्द दिसू शकतो. ग्वास्तो म्हणजे बिघाड. ‘आल्लार्मे’ म्हणजे इशारा. ‘फ्वोरी सेर्वीत्स्यो’ म्हणजे यंत्र सेवेबाहेर, सध्या बंद. तीन शब्द माहीत असले तर हातातलं काम पुढे सरकतं.

आणि खरं सांगायचं तर इटालियन शब्द अंतरवालीला नवा नाहीच. जवळच्या वडीगोद्रीच्या फाट्यावर जी आपे रिक्षा माणसं भरून उभी असते, तिचं नाव इटालियन आहे. ‘आपे’ म्हणजे मधमाशी. १९४८पासून पियाजिओ ही तीनचाकी बनवते, आणि तिच्या आधी आलेल्या स्कूटरचं नाव ‘वेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी. साठच्या दशकात बजाजने पियाजिओच्या परवान्यावर ज्या स्कूटर बनवल्या, त्या याच घराण्यातल्या. आपण ‘आपे’ हा शब्द बिनचूक उच्चारतो. इंग्रज माणसाला तो वाचून दाखवायला सांगा, तो ‘एप’ म्हणेल.

इथूनच माझा मुख्य मुद्दा सुरू होतो. इटालियन उच्चार मराठी जिभेला परके नाहीत. त्यांचा ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखा दातांवर येतो, इंग्रजीतल्यासारखा टाळूकडे जात नाही. कीबोर्डला ते ‘तास्तिएरा’ म्हणतात आणि त्यात कुठेही ‘ट’ नाही. ‘कॉम्प्युटर’सुद्धा त्यांच्या तोंडी ‘कोम्प्यूतेर’ होतो. जोडाक्षराचं महत्त्व आपल्याला खडा आणि खड्डा यांतून लहानपणीच कळलेलं असतं. इटालियनमध्ये ‘सोनो’ म्हणजे मी आहे आणि ‘सोन्नो’ म्हणजे झोप. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा फरक ऐकू यायला महिने लागतात, आपल्याला तो पहिल्या दिवशी ऐकू येतो. म्हणून या पुस्तिकेत सगळी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. आपली लिपी त्यांचे उच्चार बहुतांशी नीट पकडते.

उच्चारांपेक्षा मोठी गोष्ट वाक्याच्या घडणीची आहे. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

‘लाईट गेली’ हे वाक्य घ्या. मराठवाड्यात संगणकाच्या अर्ध्या तक्रारी इथूनच सुरू होतात. इटालियन माणूस म्हणतो, ‘ए आंदाता वीआ ला लूचे’. लूचे म्हणजे उजेड, आणि आंदाता वीआ म्हणजे निघून गेली. त्यांच्याकडेही वीज तुटत नाही किंवा बंद होत नाही, ती जाते. त्यांच्याकडेही ती स्त्रीलिंगी आहे, आणि म्हणून ‘आंदातो’ नाही तर ‘आंदाता’. परत येते तेव्हा ‘ए तोर्नाता ला लूचे’. आली लाईट. इंग्रजीच्या आडवळणाने हे वाक्य शिकणारा मुलगा आधी वीजपुरवठ्याचं नाम शोधतो, मग खंडित होण्याचं क्रियापद. मराठीतून येणाऱ्याला एकही पायरी चढावी लागत नाही.

आता ‘फाईल उघडत नाही’. या वाक्यात फाईल कोण उघडतंय, ते आपण सांगत नाही. ती स्वतःच उघडत नाही. इटालियनमध्ये यासाठी ‘सी’ हा एक छोटा शब्द आहे: ‘इल फाइल नोन सी आप्रे’. तसंच ‘इल कोम्प्यूतेर नोन सी आच्चेंदे’, कॉम्प्युटर सुरू होत नाही. ‘सी ए ब्लोक्कातो’, अडकला, हँग झाला. बिघाडाची बरीचशी वाक्यं या ‘सी’वर उभी आहेत, आणि मराठीत उघडणे, अडकणे, मोडणे, मिटणे या क्रियापदांना आपोआप घडण्याचा तोच अर्थ मुळातच आहे. दोष कुणाचा हे न सांगता काय झालं ते सांगायचं, ही सोय दोन्ही भाषांनी करून ठेवली आहे. टपाल कचेरीत रांगेत उभ्या असलेल्या परक्या मुलीला ती फार उपयोगी पडते.

लिंगाप्रमाणे क्रियापद बदलणं इंग्रजीत नाही, म्हणून इंग्रजी माध्यमातली मुलं इटालियन शिकताना तिथे अडखळतात. आपल्याला ते शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटर अडकला, ‘सी ए ब्लोक्कातो’. ‘ला स्ताम्पान्ते’ म्हणजे प्रिंटर, तो तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून ‘सी ए ब्लोक्काता’. बोलणारा पुरुष आहे की स्त्री, यानेही क्रियापद बदलतं. मुलगा म्हणेल ‘मी सोनो दिमेंतिकातो ला पासवर्ड’, मुलगी म्हणेल ‘मी सोनो दिमेंतिकाता ला पासवर्ड’. पासवर्ड विसरलो, पासवर्ड विसरले. दोन भाषांतलं हे साम्य मला पहिल्यांदा दिसलं तेव्हाच ही पुस्तिका मराठीतून लिहायची असं मी ठरवलं.

आणखी काही जोड्या पाहा. मोबाईल रेंज पकडत नाही, असं आपण म्हणतो. ते म्हणतात ‘इल तेलेफोनो नोन प्रेंदे’, आणि प्रेंदे म्हणजे घेतो, पकडतो. रेंज नसली तर ‘नोन चे काम्पो’. काम्पो म्हणजे शेत, आणि मोबाईलच्या लहरींचं क्षेत्रही. ‘वेबसाईट चालत नाही’ला ‘इल सीतो नोन वा’. वा म्हणजे जातो, चालतो. बॅटरी उतरली तर ‘ला बात्तेरीआ ए स्कारिका’, आणि त्याच धातूपासून ‘स्कारिकारे’, उतरवून घेणे, म्हणजे फाईल डाउनलोड करणे. आपण डाउनलोडला उतरवणे म्हणत नाही, पण म्हटलं तर कुणाला ते खटकणार नाही. रेशनच्या दुकानातला ‘अंगठा घेईना’ही तिकडे जातो: ‘नोन रिकोनोश्शे लिम्प्रोन्ता’, ठसा ओळखत नाही. खुरप्याने आणि उसाच्या पाचटाने बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांना हे वाक्य कुठेही लागू शकतं.

‘मी कशालाच हात लावला नाही’ हे वाक्यही दिलं आहे: ‘नोन ओ तोक्कातो न्येन्ते’. इथे ‘नोन’ आणि ‘न्येन्ते’ असे दोन नकार एकत्र येतात. दुरुस्ती करणाऱ्याला जगभर सर्वांत आधी हेच ऐकावं लागतं.

सगळंच इतकं जुळत नाही. जिथे जुळत नाही तिथे सावध राहायला हवं. पहिला खड्डा ‘मी’ या शब्दाचा. इटालियनमधला ‘मी’ म्हणजे मला. ‘मी सेर्वे उन कारिकाबात्तेरीए’ म्हणजे मला चार्जर लागतो, ‘मी प्याचे’ म्हणजे मला आवडतं. रचना आपलीच आहे, पण आपला ‘मी’ तिकडे ‘ईओ’ होतो आणि बहुतेक वेळा गाळला जातो. दुसरा खड्डा लिंगांचा. नपुंसकलिंग तिकडे नाही. इंग्रजीतून घेतलेल्या शब्दांना आपण आणि त्यांनी वेगवेगळी लिंगं दिली आहेत. आपली फाईल स्त्रीलिंगी, त्यांची पुल्लिंगी. आपला पासवर्ड पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी, कारण त्यांच्या मनात त्यामागे ‘पारोला’, म्हणजे शब्द, हा जुना स्त्रीलिंगी शब्द आहे. तिसरी गोष्ट नामाआधी येणाऱ्या छोट्या शब्दांची: इल, लो, ला. ‘लो स्केर्मो’ म्हणजे पडदा. तिथे ‘इल’ का नाही, याचा नियम दुसऱ्या धड्यात आहे. तो तेवढा पाठ करावा लागेल.

मान देण्याच्या बाबतीत मात्र आपण घरचेच. तू आणि तुम्ही यांतला फरक इटालियनमध्ये ‘तू’ आणि ‘लेइ’ असा आहे, आणि हा ‘तू’ अगदी आपलाच वाटतो. मित्राला ‘मी प्वोइ आयुतारे?’, मला मदत करशील का. खिडकीमागच्या बाईंना ‘मी प्वो आयुतारे?’, मला मदत कराल का. एका स्वराचा फरक आहे. अंतरवालीत वडीलधाऱ्यांशी ज्या अदबीने बोललं जातं ती अदब असलेल्या मुलाला हा फरक लगेच कळेल. त्याने तो कधीही सोडू नये.

संगणकाच्या जगात या भाषेला काय स्थान, असं कुणी विचारलं तर इव्रेआ या एका छोट्या शहराकडे बोट दाखवता येतं. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या या गावात १९०८मध्ये ओलिवेत्ती कंपनी सुरू झाली. तिने टंकलेखन यंत्रं बनवली, आणि १९६५मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात प्रोग्राम्मा १०१ हे टेबलावर मावणारं, प्रोग्राम देता येणारं गणनयंत्र मांडलं. पिएर जोर्जो पेरोत्तो यांच्या लहानशा गटाने ते घडवलं होतं. विचेंत्सा इथे जन्मलेले फेदेरिको फाज्जिन अमेरिकेत गेले, आणि १९७१मध्ये इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला तो मुख्यतः त्यांच्या हातून. पुन्हा इव्रेआतच २००५मध्ये आर्दुइनो जन्माला आला. विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रयोग करता यावेत म्हणून बनवलेला हा सर्किट बोर्ड, त्याचा आराखडा सगळ्यांना खुला, आणि नाव गावातल्या एका बारवरून पडलेलं. त्या बारला नाव हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाचं. आज पॉलिटेक्निकच्या मुलांच्या प्रोजेक्टात, ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप चालवायला असो की मातीचा ओलावा मोजायला, हा बोर्ड दिसतो. बोर्ड संगणकाला जोडला जात नाही तेव्हा काय म्हणायचं, तेही एका धड्यात आहे, कारण तो बिघाड या मुलांना रोज भेटतो.

इटालियन लोकांनी आपल्यासारखेच इंग्रजी शब्द मोकळेपणाने घेतले. फ्रेंचांनी कॉम्प्युटरला स्वतःचा शब्द केला आणि तोच वापरला. इटलीत ‘काल्कोलातोरे’ आणि ‘एलाबोरातोरे’ हे शब्द होते, पण बोलण्यात ‘कोम्प्यूतेर’च राहिला. आपल्याकडे संगणक हा शब्द छापील मजकुरात आहे आणि घरात कॉम्प्युटर. मला यात काही वावगं वाटत नाही. मात्र ई-मेलमधल्या त्या गोल खुणेला त्यांनी ‘क्योच्चोला’, म्हणजे शंखातली गोगलगाय, हे नाव दिलं. फोनवरून कुणाला पत्ता सांगायचा असेल तर हा शब्द आलाच पाहिजे.

शिकवताना एक गोष्ट माझ्या पुन्हा पुन्हा लक्षात आली आहे. परदेशी भाषेची पुस्तकं नमस्कार, हवामान आणि हॉटेलातल्या जेवणाने सुरू होतात. त्यातली बरीचशी वाक्यं हाताने खुणा करूनही निभावतात. बिघाड खुणेने सांगता येत नाही. पोर्टलवर अर्जाची शेवटची तारीख आहे, कागद चढवून झालाय आणि पडदा गोठलाय, अशा वेळी मुलाला वाक्य लागतं, आणि ते त्याच क्षणी लागतं. म्हणून हे धडे बिघाडापासून सुरू होतात. नमस्कार तिसऱ्या धड्यात आहे.

समोरचा तंत्रज्ञ तीनच गोष्टी विचारतो. ‘के कोज़ा ए सुच्चेस्सो?’, काय झालं. ‘दा क्वांदो?’, कधीपासून. ‘के कोज़ा चे स्क्रीत्तो?’, काय लिहून येतंय. तिसऱ्या प्रश्नाला आपली मुलं हमखास चुकतात. पडद्यावर आलेला संदेश न वाचता खिडकी बंद करून टाकायची आणि ‘एरर आला’ एवढंच सांगायचं, ही सवय मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. ती मराठीतही नडते आणि इटालियनमध्येही नडेल. संदेशाचा फोटो काढा, कळो न कळो, अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. त्यानंतर बहुधा एकच सूचना मिळते: ‘प्रोवी आ स्पेन्येरे ए रिआच्चेंदेरे’. बंद करून परत चालू करून पाहा.

पुस्तिका वापरणाऱ्यांना एवढंच सांगतो. धडा उघडण्यापूर्वी आठवड्याभरात तुमच्या फोनने, कॉम्प्युटरने, केंद्रावरच्या यंत्राने जे जे अडवलं, ते घरात बोलता तशा मराठीत वहीत लिहून काढा. ‘उघडंना’ असेल तर ‘उघडंना’च लिहा, त्याचं पुस्तकी मराठी करू नका. मग त्या वाक्याची इटालियन जोडी धड्यात शोधा आणि मोठ्याने म्हणा. घरातली आजी ऐकत असेल तर तिलाही म्हणायला लावा. जे वाक्य सापडणार नाही त्याच्यासमोर रिकामी ओळ सोडा आणि मला कळवा. पुढची आवृत्ती त्या रिकाम्या ओळींतूनच करायची आहे.